पराभवाचा धनी

पराभव झाला की त्याचा धनी कोण, हा प्रश्न ताबडतोब विचारला जातो. आणि बहुधा असे दिसून येते की, ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याच नावावर तो पराभव मांडला जातो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले त्याची चर्चा आपण मराठी माणसे अडीचशेहून अधिक वर्षे करीत आलो आहोत. भाऊसाहेबांचा हट्ट, होळकरांचे निघून जाणे, यात्रेकरूंचा व बाजारबुणग्यांचा भार, तुटलेली रसद, या प्रत्येक कारणाला आपापले पुरस्कर्ते आहेत. परंतु ज्यांच्या हाती सैन्य होते ते सदाशिवरावभाऊ रणांगणावरून परतले नाहीत. त्यांना आपली बाजू मांडता आली नाही, हे आपण हळहळून सांगतो. पण आपली चूक कबूल करण्याची संधीही त्यांना लाभली नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही. पराभूत होऊन परत आलेल्या सेनापतीने खरे म्हणजे काय बोलावे? आणि तो जे बोलेल त्याला नैतिक मूल्य कितपत असते? या प्रश्नांचा विचार करण्यास दुसऱ्या महायुद्धातील एका सेनापतीची कारकीर्द फार उपयोगी पडते. ती कारकीर्द बव्हंशी आपल्याच देशाच्या पूर्व सीमेवर घडली, म्हणून तिचा परिचय आपल्याला परका वाटू नये.

विल्यम स्लिम यांचा जन्म १८९१ साली इंग्लंडातील ब्रिस्टल येथे झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार होता आणि तो फारसा भरभराटीस आला नाही. मुलाला विद्यापीठात पाठविण्याइतका पैसा घरात नव्हता. बर्मिंगहॅम येथे त्यांनी काही काळ प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले आणि पुढे नळ बनविणाऱ्या एका कंपनीत कारकुनी केली. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले नसते, तर त्यांचे आयुष्य बहुधा त्या टेबलाशीच संपले असते. युद्धाने त्यांना अधिकारपद दिले. गॅलिपोली येथे ते जबर जखमी झाले, मेसोपोटेमियात पुन्हा जखमी झाले, आणि युद्धानंतर त्यांनी भारतीय सेनेत बदली करून घेऊन गुरखा पलटणीत नोकरी धरली. श्रीमंत अधिकाऱ्यांप्रमाणे त्यांना घरून पैसा येत नसे. म्हणून ते टोपणनावाने कथा लिहून संसाराला हातभार लावीत. पगारात महिना काढणारा, बदलीच्या हुकुमाबरोबर बिऱ्हाड हलविणारा आणि रात्री दिव्याखाली लिहिणारा हा माणूस आपल्यापैकी अनेकांना ओळखीचा वाटेल. पुढे फील्ड मार्शल झालेल्या या गृहस्थांविषयी मला प्रथम जे कुतूहल वाटले ते याच कारणाने, हे मी लपवीत नाही.

त्यांच्या सेनापतीपदाचा आरंभ विजयाने झाला नाही. नोव्हेंबर १९४० मध्ये सुदान आणि अ‍ॅबिसीनिया यांच्या सीमेवरील गल्लाबात या ठाण्यावर त्यांच्या ब्रिगेडने हल्ला चढविला. ठाणे हाती आले. पण सरहद्दीपलीकडील मेतेम्मा घेता आले नाही. रणगाडे नादुरुस्त होऊन पडले, इटालियन विमानांनी आकाश व्यापले, एका तुकडीत गोंधळ माजला. पुन्हा हल्ला करावा की मागे यावे, असे दोन मार्ग समोर होते. सल्लागारांचे म्हणणे मागे यावे असे पडले. आणि स्लिम मागे आले. नंतर हाती आलेल्या माहितीवरून दिसले की, शत्रू त्या वेळी स्वतःच पळ काढण्याच्या बेतात होता. या प्रसंगाविषयी त्यांनी पुढे जे लिहिले ते वाचण्यासारखे आहे. विमाने कमी होती, रणगाडे मोडले, हाताखालच्यांनी सल्ला तसा दिला, ही सर्व कारणे खरी होती आणि त्यांतील कोणतेही त्यांना पुढे करता आले असते. त्यांनी ती सर्व मोजली आणि बाजूस ठेवली. दोन मार्गांपैकी अधिक धाडसाचा मार्ग आपण निवडला नाही, हेच अपयशाचे कारण, असा निवाडा त्यांनी स्वतःविरुद्ध दिला.

याहून मोठी कसोटी १९४२ साली लागली. मार्च महिन्यात ब्रह्मदेशातील सैन्याच्या कोअरचे आधिपत्य त्यांच्याकडे आले तेव्हा रंगून पडलेले होते. बंदर गेले म्हणजे कुमक गेली, औषधे गेली, दारूगोळा गेला. नंतरचे दोन महिने म्हणजे सुमारे नऊशे मैलांची माघार. येनांजाऊंगच्या तेलाच्या विहिरी आपल्याच हातांनी पेटवून द्याव्या लागल्या. मे महिन्यात, पावसाळा तोंडावर असताना, उरलेले सैन्य मणिपुरात उतरले. अंगावर चिंध्या, पोटात अन्न नाही, निम्मे लोक मलेरियाने आणि आमांशाने पछाडलेले. पण हातात बंदुका होत्या आणि रांगा मोडलेल्या नव्हत्या. रस्त्याच्या कडेला उभे राहून स्लिम त्यांना पाहत होते. इंफाळ येथे या लोकांचे स्वागत झाले ते पराभूतांचे व्हावे तसे. पावसात उघड्या डोंगरउतारावर त्यांना जागा दाखविण्यात आली.

माघारीची कारणे परिस्थितीत विपुल होती. सैन्य अपुरे होते, ते जंगलातील युद्धासाठी शिकविलेले नव्हते, विमाने नव्हती, वरून स्पष्ट उद्दिष्ट आलेले नव्हते. स्लिम यांनी ही कारणे नोंदविली आहेत, कारण ती खरी होती. परंतु तेथेच न थांबता त्यांनी आपला हिशेब वेगळा मांडला. सेनापतीची एकच परीक्षा, यशाची. आणि आपण हाती घेतलेली एकही गोष्ट यशस्वी झाली नाही, हे त्यांनी मान्य केले. शत्रूच्या हातून पुढाकार काढून घेण्याची संधी आपण एकदाही साधली नाही, हा दोष त्यांनी परिस्थितीच्या नव्हे तर स्वतःच्या खात्यावर लिहिला.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्लिम यांनी हे सर्व प्रसिद्ध केले ते १९५६ साली, 'डिफीट इन्टू व्हिक्टरी' या ग्रंथात. त्या वेळी ते विजयी होते, फील्ड मार्शल होते, ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर-जनरल होते. विजयी माणसाला आपल्या जुन्या चुका सांगण्यास काय लागते? उलट त्या सांगितल्याने विजय अधिकच शोभून दिसतो. श्रीमंताने आपल्या गरिबीच्या दिवसांचे वर्णन करावे, तशी ही कबुली. मग तिला सद्गुण म्हणावे की अलंकार? या आक्षेपात तथ्य आहे. शब्दांत केलेली कबुली केवळ शब्दांवरून पारखता येत नाही. ती पारखायची असेल तर विजय दृष्टिपथातही नव्हता त्या दिवसांत तो माणूस कसा वागला, हे पाहावे लागते.

१९४३ च्या ऑक्टोबरात चौदावी सेना उभी राहिली आणि तिचे आधिपत्य स्लिम यांना मिळाले. या सेनेतील बहुसंख्य शिपाई भारतीय होते. त्या वर्षी एक माणूस जखमी होऊन इस्पितळात जाई तेव्हा एकशेवीस माणसे आजारी पडून जात. मलेरियावर मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या. पण त्या घेतल्या जात नव्हत्या. डॉक्टरांना दोष देणे सोपे होते, शिपायांच्या अज्ञानाला देणे त्याहून सोपे. स्लिम यांनी पलटणींची अचानक तपासणी सुरू केली. शेकडा पंचाण्णवहून कमी लोकांच्या रक्तात औषध आढळले तर पलटणीच्या प्रमुखास पदावरून दूर करावयाचे, असा नियम घातला. तीन प्रमुख गेले. चौथ्याला घालविण्याची पाळी आली नाही. शिक्षा शिपायाला झाली नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. गोळी शिपायाने गिळावयाची होती, पण ती गिळली जाते की नाही हे पाहणे ज्याचे काम होते त्याला जाब विचारला गेला.

हाच नियम त्यांनी स्वतःकडेही वळविला. आघाडीवरील एखाद्या तुकडीला रसद न पोहोचल्यामुळे अर्ध्या शिध्यावर राहावे लागले की सेनेच्या मुख्य कचेरीलाही ते अर्ध्या शिध्यावर ठेवीत. त्याने आघाडीवरील कोणाचे पोट भरले नसेल. पण रसदीचे कागद ज्या टेबलावरून पुढे सरकत होते त्या टेबलाला भूक म्हणजे काय ते कळले.

तिसरी हकीकत आपल्या वाचकांना विशेष रुचेल. विमानातून सामान टाकण्यासाठी रेशमी हवाई छत्र्या मिळेनात. तेव्हा स्लिम यांच्या रसदविभागाने कलकत्त्याच्या ताग गिरण्यांच्या चालकांना गाठले आणि तागाच्या छत्र्या तयार करून घेतल्या. रेशमी छत्रीला वीस पौंडांहून अधिक खर्च येई. ही एका पौंडाच्या आसपास पडली आणि सामान टाकण्याच्या कामी पुरेशी ठरली. याबद्दल वरिष्ठांकडून काय आले? 'प्रॉपर चॅनेल' सोडून माल मिळविल्याबद्दल ठपका! अडचणीच्या वेळी धावून आलेल्या त्या गिरणीवाल्यांपेक्षा अधिक योग्य मार्ग आपल्याला नको आहे, अशा आशयाचे उत्तर स्लिम यांनी धाडले. ठपका आला तो सेनापतीच्या नावावर, आणि त्यांनी तो तेथेच अडवून धरला; ज्यांनी धडपड करून छत्र्या मिळविल्या त्या हाताखालच्या माणसांपर्यंत तो झिरपू दिला नाही. ठपका खाली जाताना वाढत जातो आणि शाबासकी वर जाताना वाढत जाते, हा कचेरीचा सर्वसाधारण नियम आहे. येथे तो उलटा चालला.

मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्याने चिंदविन नदी ओलांडली आणि इंफाळ-कोहिमाची लढाई पेटली. तिचे पर्यवसान जपानी सैन्याच्या मोठ्या पराभवात झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु स्लिम यांनी तिचे वर्णन करताना आपल्या दोन चुका स्पष्टपणे पुढे मांडल्या आहेत. सीमेवरील तुकड्यांनी इंफाळच्या पठारावर केव्हा मागे यावे, हा निर्णय त्यांनी स्थानिक सेनाधिकाऱ्यांवर सोपविला होता. तो स्वतः घ्यावयास हवा होता, कारण सर्व बाजूंची माहिती त्यांच्यापाशीच येत होती. निर्णयाला उशीर झाला आणि सतरावी डिव्हिजन वेढ्यात सापडता सापडता वाचली. दुसरी चूक कोहिमाची. त्या डोंगराळ मुलखातून फार तर एक रेजिमेंट येऊ शकेल, असा त्यांचा अंदाज होता; आली संपूर्ण एकतिसावी जपानी डिव्हिजन. कोहिमात तेव्हा सुमारे अडीच हजार माणसे होती, आणि त्यांत आजारातून उठलेले शिपाई, कोठारे सांभाळणारे, गाडीवान आणि कारकून पुष्कळ होते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यानंतरही ती टेकडी पडली नाही, आणि ज्या टेनिसकोर्टावर उपायुक्त संध्याकाळी खेळत असत त्याच्या दोन बाजूंना बसून दोन सैन्ये एकमेकांवर हातबाँब फेकीत राहिली. ईशान्येकडे बदली झालेल्या आपल्यापैकी काहींनी ते कोर्ट पाहिले असेल. युद्धस्मशानात त्याच्या पांढऱ्या रेघा अजून आखून ठेवलेल्या आहेत.

या दोन्ही चुकांचे मोल कोणी चुकविले? सेनापतीने नव्हे. आपल्या चुकांच्या परिणामांतून आपण वाचलो ते हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या कल्पकतेने आणि शिपायांच्या चिवट शौर्याने, असे स्लिम यांनीच म्हटले आहे. त्या मोलातील काही वाटा मराठी माणसांचाही होता. २२ ते २६ मार्च या काळात सांगशाक या खेड्याजवळ पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडने जपान्यांना अडवून धरले. तिच्याबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. पाणी जवळजवळ नाही, तारेची कुंपणे नाहीत, जमीन खडकाळ असल्याने खंदक खोल जात नाहीत, अशा जागी ही माणसे लढली. अखेर त्यांना ती जागा सोडावी लागली, म्हणून त्यांच्या वाट्याला प्रथम श्रेयापेक्षा दोष अधिक आला. पुढे अभ्यासकांना पटत गेले की, सांगशाकला गेलेले ते दिवसच कोहिमाच्या कामी आले. वरच्याच्या अंदाजातील चूक खालच्याला रक्ताने दुरुस्त करावी लागते, आणि ती दुरुस्त करताना त्याची जागा सुटली तर चूक त्याचीच ठरते! यासाठीच वरच्याने आपली चूक बोलून दाखविणे अगत्याचे असते. ती त्याने बोलून दाखविली नाही, तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर जमा होतेच.

आता रणांगणाच्या दुसऱ्या बाजूस पाहू. जपानी पंधराव्या सेनेचे आधिपत्य जनरल मुतागुची यांच्याकडे होते. ही मोहीम त्यांच्याच आग्रहामुळे हाती घेण्यात आली. सैन्याबरोबर सुमारे तीन आठवड्यांचा शिधा होता. त्यानंतर इंफाळची कोठारे हाती येतील, हा हिशेब. बरोबर हाकलेली गुरे चिंदविनमध्ये आणि डोंगरांत मेली. तीन आठवडे गेले, दोन महिने गेले, कोठारे हाती आली नाहीत. तिन्ही डिव्हिजनांच्या प्रमुखांनी, यानागिदा, यामाउची आणि सातो यांनी, वेगवेगळ्या प्रकारे शंका प्रकट केल्या. आणि मुतागुचींनी तिघांनाही पदावरून काढले. सातो यांनी तर उपाशी माणसे वाचविण्यासाठी हुकुमावाचून कोहिमाहून माघार घेतली. आपल्यावर खटला भरला जावा म्हणजे सत्य उघड होईल, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्यावर खटला भरला नाही. ते मानसिकदृष्ट्या स्वस्थ नाहीत, असे ठरविण्यात आले.

जूनच्या आरंभी मुतागुची आणि त्यांचे वरिष्ठ जनरल कावाबे यांची भेट झाली. मोहीम फसली आहे हे तोवर दोघांनाही कळून चुकले होते. माघारीचा शब्द मुतागुचींच्या ओठांवर होता. पण तो आपल्या चेहऱ्यावरून कावाबेंनी ओळखावा, अशी त्यांची अपेक्षा होती. कावाबेंनी विचारले नाही. मुतागुचींनी सांगितले नाही. भेट संपली. मोहीम थांबविण्याचा हुकूम निघाला तो जुलै उजाडल्यावर. तोवर पावसाळा ऐन भरात आला होता, आणि परतीच्या वाटेवर माणसे भुकेने व रोगाने जागोजाग पडत होती. गेलेल्या सुमारे ८५,००० माणसांपैकी अंदाजे ३०,००० मेली. ती सर्व त्या एका महिन्यात मेली नाहीत. पण त्या महिन्याच्या मौनाची किंमत त्या आकड्यात आहेच. पुढे आयुष्याच्या अखेरच्या काळात आपली योजना कशी बरोबर होती, हेच मुतागुची सांगत राहिले.

या भेटीच्या शेजारी डिसेंबर १९४४ मधील एक प्रसंग ठेवून पाहावा. चौदावी सेना ब्रह्मदेशात पुढे निघाली होती. इरावती नदीच्या अलीकडे, श्वेबोच्या मैदानात, शत्रू लढाई देईल या गृहीतकावर स्लिम यांनी सर्व योजना रचली होती. परंतु नवे जपानी सेनापती किमुरा नदीपलीकडे मागे सरले. आघाडीवरून बातम्या येऊ लागल्या की विरोध फार थोडा होत आहे. योजना महिनोन्‌महिने खपून केलेली, वरून मंजूर झालेली. तरी आपण किमुरांना ओळखण्यात चुकलो, असे स्लिम यांनी थोड्याच दिवसांत मान्य केले आणि योजना बदलली: मंडालेसमोर गाजावाजा करावयाचा आणि दुसरी कोअर गुपचूप दक्षिणेकडून नदीपार करून मेइक्तिला या रसदीच्या केंद्रावर घाव घालावयाचा. मार्च १९४५ च्या आरंभी मेइक्तिला पडले, २० मार्चला मंडाले, आणि मे महिन्याच्या आरंभी रंगून परत हाती आले. ज्या विजयासाठी स्लिम यांचे नाव युद्धशास्त्राच्या अभ्यासकांत घेतले जाते, त्याचा उगम 'मी चुकलो' या वाक्यात आहे. ते वाक्य विजयानंतर आलेले नाही. विजय त्या वाक्यानंतर आलेला आहे. मघाच्या आक्षेपाला माझ्या मते हेच उत्तर आहे.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण एकच समजतो. दोष वाटून घेता येतो: याचा चार आणे, त्याचा आठ आणे. तो ढकलताही येतो; वड्याचे तेल वांग्यावर काढता येते. जबाबदारीचे तसे नाही. दिव्यावरून दिवा लावला तरी पहिल्याचा प्रकाश कमी होत नाही, तशी ती दुसऱ्याने घेतली म्हणून आपली उणी होत नाही. मेपाक्रिनची गोळी न गिळणारा शिपाई, ती गिळली की नाही हे न पाहणारा प्रमुख आणि तो पाहत नाही हे न पाहणारा सेनापती, हे तिघेही आपापल्या जागी पूर्णपणे जबाबदार असतात.

आपल्याकडे याच्या विरुद्ध एक तात्त्विक आधार देण्याची सोय आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव, आणि केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याला यथार्थ दिसत नाही, असा अभिप्राय दिला आहे. हा उपदेश अहंकाराच्या निरसनासाठी आहे. आपण मात्र त्याचा उपयोग सोयीने करतो. यशाच्या वेळी आपण एकटे कर्ते असतो. अपयशाच्या वेळी उरलेली चारही कारणे आठवतात. फळाची आसक्ती सोडावी, याचा अर्थ फळाचे उत्तरदायित्व सोडावे असा खचित नव्हे. किंबहुना ज्याची फळावरील आसक्ती सुटली त्यालाच आपली चूक निर्विकारपणे पाहता येते. कारण त्या चुकीने त्याचे काही हिरावले जाणार नसते. मुतागुचींना माघारीचा शब्द उच्चारता आला नाही तो बुद्धीच्या अभावी नव्हे. त्या शब्दाबरोबर त्यांचे सर्वस्व जाणार होते म्हणून. वरिष्ठाची कबुली हे म्हणूनच विनयाचे प्रदर्शन नाही. ती त्याच्या हाताखालच्यांना दिलेली मोकळीक असते. जेथे वरचा 'मी चुकलो' म्हणू शकतो तेथेच खालचा 'आपण चुकत आहात' असे म्हणू शकतो. आणि सत्याला पायऱ्या चढून वर जाण्याचा याहून दुसरा मार्ग नाही.

स्लिम यांचा गौरव करताना मर्यादाही सांगितली पाहिजे, नाही तर या लेखाचाच हेतू हरपेल. ते साम्राज्याचे सेनापती होते. त्याच इंफाळच्या रणांगणावर समोरच्या बाजूस आझाद हिंद फौजेचे भारतीय शिपाईही लढत होते. एप्रिल १९४४ मध्ये मोइरांग येथे त्यांनी तिरंगा फडकविला. स्लिम यांनी आपल्या ग्रंथात या फौजेचा उल्लेख अनादराने केला आहे. आपल्याच सेनेतील हजारो शिपाई कोणत्या प्रेरणेने पलीकडे गेले, हा प्रश्न त्यांनी स्वतःला तितक्या कठोरपणे विचारला नाही. ज्या बंगालच्या आधारावर त्यांची सेना उभी राहत होती त्या बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसे अन्नावाचून मेली. ज्या राज्यकर्त्यांच्या वतीने ते लढत होते त्यांच्याकडे त्याची मोठी जबाबदारी जाते. त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, ऑस्ट्रेलियातील एका संस्थेत बालपण काढलेल्या काही व्यक्तींनी त्यांच्या खाजगी वर्तनाविषयी अत्यंत गंभीर आरोप केले. त्यांची न्यायालयात शहानिशा झालेली नाही. पण २०१९ साली कॅनबेरातील त्यांच्या नावाच्या रस्त्याचे नाव बदलण्यात आले. माणूस ज्या खोलीत दिवा नेतो तेथलाच केर त्याला दिसतो. सेनापती म्हणून केलेल्या चुकांच्या खोलीत स्लिम यांनी दिवा नेला; घरातील सर्व खोल्यांत त्यांनी तो नेला, असे आपण म्हणू शकत नाही. म्हणून त्या माणसाची पूजा करण्याचे कारण नाही. दिवा तेवढा घ्यावा.

तो घेण्याचे धैर्य आपल्यात असते का? काही वर्षांपूर्वी एका कचेरीत वार्षिक तक्ता तयार करताना एका रकान्यात मी गेल्या वर्षीचा आकडा उतरविला. कागद टाइप केला तो नुकत्याच लागलेल्या एका तरुणाने. तक्ता पाच सह्यांनिशी वर गेला आणि दोन महिन्यांनी विचारणा होऊन परत आला. चूक माझी आहे हे मला दुसऱ्याच दिवशी जुना कच्चा कागद पाहून समजले. तोवर मेमो त्या तरुणाला निघाला होता. आपल्याच हातून झाले असेल, असे तो मला म्हणाला. आणि मी त्याला धीर दिला! मला कोणी विचारले नव्हते, कागद वर गेला होता, नुकसान फारसे नव्हते, पाच जणांनी तपासला होता: अशी चारही कारणे मला त्या आठवड्यात पाठ होती. वर्षाअखेर त्याची बदली झाली. माझे काहीच बिघडले नाही.

कावाबे-मुतागुचींच्या भेटीचे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा मला त्या दोन सेनापतींची चीड आली नाही; ती खोली ओळखीची वाटली. तीस हजार माणसे आणि एक मेमो यांची तुलना होत नाही, हे मला कळते. पण मौन तेच होते. विजयानंतरची कबुली स्वस्त असते, असे मी वर म्हटले. ज्याला आता कोणी जाब विचारणार नाही अशा लेखकाने मासिकातून केलेली कबुली त्याहूनही स्वस्त. ती ज्याच्यापाशी करावयाची तो वाचक नव्हे. म्हणून हा लेख संपादकांकडे धाडण्यापूर्वी त्या सहकाऱ्याचा नवा पत्ता मिळवून मी त्याला पत्र लिहिले, आणि त्याची एक प्रत त्या वेळच्या वरिष्ठांकडे पाठविली. उत्तर अद्याप आलेले नाही. ते यावेच, असा माझा हक्कही नाही.